पेशीपटलातला मेद कुणाचं ऐकतो? वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकातल्या पेशीवरच्या टिपणात एक वाक्य होतं : "पेशीपटल म्हणजे मेदाचं तळं आणि प्रथिनं म्हणजे त्यात तरंगणाऱ्या होड्या." त्यावर यवतमाळ, वर्धा, गडचिरोली, अमरावती या पट्ट्यातून बरीच पत्रं आली आणि दोघातिघांनी थेट त्या वाक्यालाच हात घातला. बरं झालं. वाक्य लक्षात राहायला सोपं आहे, पण अर्धंच खरं आहे. होडीमुळे तळ्याची खोली बदलत नाही, प्रथिनांमुळे पटलाची जाडीसुद्धा बदलते. खालची उत्तरं त्याच अंगानं वाचावीत.

प्रश्न : मुलांना पेशीपटल शिकवताना मी पाण्यावरच्या तेलाच्या तवंगाचं उदाहरण देतो. एका मुलीनं विचारलं, "सर, तवंग तर कुठंही सारखाच असतो, मग पेशीचं पटल सगळीकडे सारखं असतं का?" मला नीट सांगता आलं नाही. प्रथिनं मेदाला नेमकं काय करतात?
*विज्ञान शिक्षक, घाटंजी तालुका, जि. यवतमाळ*

सर, त्या मुलीचा प्रश्न फार नेमका आहे. पटल सगळीकडे सारखं नसतं, आणि ते तसं नसण्यामागे मोठा हात प्रथिनांचा असतो.

आधी तवंगाचा हिशोब. १९२५ मध्ये नेदरलँड्समधल्या लायडनला गॉर्टर आणि ग्रेंडेल यांनी तांबड्या पेशींमधला मेद ॲसिटोननं काढला, पाण्यावर एक रेणू जाडीचा पसरला आणि त्याचं क्षेत्रफळ मोजलं. ते पेशींच्या पृष्ठफळाच्या दुप्पट भरलं, म्हणजे पटल दुपदरी. गंमत अशी की सगळा मेद काही निघाला नव्हता आणि वाळलेल्या पेशींचं पृष्ठफळही कमी मोजलं गेलं होतं. दोन चुकांनी एकमेकींना खाल्लं आणि उत्तर बरोबर आलं. पुढे १९७० मध्ये फ्राय आणि एडिडिन यांनी उंदराची आणि माणसाची पेशी एकमेकींत मिसळवली. ३७ अंशांवर सुमारे ४० मिनिटांत दोघींची प्रथिनं एकमेकांत पसरली, थंडीत ती जागीच राहिली. १९७२ मध्ये सिंगर आणि निकोल्सन यांनी जे 'द्रव मोझॅक' प्रारूप मांडलं, तेच आपल्या पुस्तकातल्या चित्राच्या मुळाशी आहे.

त्या चित्रात प्रथिनं फार विरळ दिसतात, आणि गडबड तिथेच होते. तांबड्या पेशीच्या पटलात वजनानं जवळपास निम्मं प्रथिन असतं. मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या पटलात ते तीन चतुर्थांशाच्या आसपास जातं, तर मज्जातंतूभोवतीच्या मायलिनमध्ये पाचव्या हिश्शाच्या जवळ येतं. निम्मं-निम्मं धरलं, तर एका प्रथिनामागे साधारण ५० मेदरेणू पडतात. आता कॅल्शियम पंपासारख्या प्रथिनाला कडेनं चिकटून उभे राहणारे रेणूच ३० च्या घरात असतात. म्हणजे कुठल्याही क्षणी मेदाचा मोठा भाग कुठल्या ना कुठल्या प्रथिनाला खेटून असतो. होड्याच इतक्या, की पाणी शोधावं लागतं.

खेटून असलेल्या या कड्यातले रेणू बांधलेले नसतात. मोकळ्या पटलातला रेणू सेकंदाला सुमारे एक कोटी वेळा शेजाऱ्याशी जागा बदलतो, कड्यातलाही बदलतो, फक्त थोडा रेंगाळून. कारण प्रथिनाची बाजू खडबडीत असते आणि मेदाच्या शेपट्यांना त्या खाचांत बसताना मुरडावं लागतं. काही रेणू मात्र खरोखर ठरलेल्या खोबणीत बसतात. मायटोकॉन्ड्रियातलं कार्डिओलिपिन तिथल्या श्वसन-प्रथिनांत असंच रुतलेलं असतं, आणि ते काढून घेतलं की प्रथिनाचं काम मंदावतं.

जाडीची गोष्ट वर्गात समजावायला सगळ्यात सोपी. पटलाच्या आतला तेलकट भाग सुमारे ३ नॅनोमीटर जाड असतो. प्रथिनाचा जो भाग पटल भेदून जातो, तो बहुतेक वेळा मळसूत्रासारखा वळलेला असतो आणि त्यात दर अमिनो आम्लामागे ०.१५ नॅनोमीटर उंची वाढते. वीस अमिनो आम्लं म्हणजे बरोबर ३ नॅनोमीटर. मुलांना हा गुणाकार फळ्यावर करायला लावा. आता प्रथिनाचा तेलकट भाग १६ अमिनो आम्लांचाच असला तर? आपल्याकडे पिंजारी गादी भरून टाके घालतो, ते डोळ्यासमोर आणा. टाका आखूड पडला की भोवतीचा कापूस दबतो, सैल पडला की गादी फुगलेली राहते. पटलातही आखूड प्रथिनाभोवती मेद दबतो, लांब प्रथिनाभोवती ताणून उभा राहतो. मोरिट्सन आणि ब्लूम यांनी १९८४ मध्ये या विचाराला गणिती रूप दिलं, त्याला 'गादीचं प्रारूप' असंच म्हणतात.

पण मेद दबणं हा एकच मार्ग नाही. प्रथिन तिरकं होऊ शकतं, तशीच आखूड प्रथिनं एका ठिकाणी गोळा होऊ शकतात, किंवा योग्य लांबीच्या शेपट्यांचा मेद त्यांच्याजवळ जास्त सापडतो. या शेवटच्या दोन गोष्टींनीच पटलावर वेगवेगळ्या वस्त्या तयार होतात. पेशी याचा उपयोगही करते. गॉल्जी पिंडात राहणाऱ्या प्रथिनांचा पटलातला भाग बाहेरच्या पटलातल्या प्रथिनांपेक्षा चार-पाच अमिनो आम्लांनी आखूड असतो, आणि गॉल्जीचं पटलही पातळ असतं.

विजेच्या भाराचाही खेळ आहे. पटलाच्या आतल्या पदरात पीआयपी-२ नावाचा मेद जेमतेम एक टक्का असतो, पण त्याच्या डोक्यावर ऋण भार भरपूर. धन भाराची शेपटी असलेलं प्रथिन आतून चिकटलं की हे विखुरलेले रेणू त्याच्याभोवती गोळा होतात.

शेवटी कुंपण. पटलाखाली प्रथिनांच्या दोऱ्यांचं जाळं असतं आणि त्याला अडकवलेली प्रथिनं खुंट्यांसारखी पटलात रोवलेली असतात. जपानच्या अकिहिरो कुसुमी यांच्या गटानं एकेका मेदरेणूच्या हालचाली टिपल्या. रेणू एका कप्प्यात मोकळा फिरतो, मग उडी मारून शेजारच्या कप्प्यात जातो. कप्प्यांचा आकार साधारण तीस-चाळीस ते दोन-अडीचशे नॅनोमीटर. नुसत्या मेदाच्या कृत्रिम पटलापेक्षा जिवंत पेशीत मेद कितीतरी पट हळू पसरतो, त्याचं एक मोठं कारण हे कुंपण. म्हणून त्या मुलीला सांगा : तवंग नाही, बांधबंदिस्ती केलेलं शेत म्हण.

प्रश्न : थंडीत ताक कितीही घुसळलं तरी लोणी येत नाही, अन् उन्हाळ्यात येतं ते ताकातच विरघळल्यासारखं. पाकिटाच्या दुधाला तर सायच नीट धरत नाही. यात प्रथिनाचा काही संबंध आहे का?
*गृहिणी, आर्वी तालुका, जि. वर्धा*

आहे ताई, आणि चांगला जवळचा. दुधातला मेद सुटा नसतो. गाईच्या कासेतल्या पेशीतून तुपाचा थेंब बाहेर पडताना पेशीचंच पटल अंगाभोवती गुंडाळून घेतो. थेंब सरासरी ३ ते ५ मायक्रोमीटरचा, म्हशीच्या दुधात थोडा मोठा. त्याच्यावर मेदाचे तीन पदर असतात आणि त्यांत ब्युटिरोफिलिन, झँथिन ऑक्सिडोरिडक्टेज अशी प्रथिनं आतल्या थेंबाला बाहेरच्या पटलाशी बांधून ठेवतात. ही बांधणी आहे म्हणून दुधातले थेंब एकमेकांत मिसळून तेल वर येत नाही.

रवीनं आपण ही बांधणीच फोडतो. फुटलेले थेंब एकमेकांना चिकटायला आतला मेद अर्धा गोठलेला आणि अर्धा मऊ हवा. डिसेंबरात पहाटे साय-दही खूप गार असतं, मेद कडक होतो, थेंब एकमेकांवर आपटून सुटतात. मे महिन्यात मेद पूर्ण पातळ होतो, मग थेंब चिकटण्याऐवजी बारीक होऊन ताकात जातात. साधारण १३ ते १६ अंशांवर घुसळण बरी लागते. थंडीत घुसळताना कोमट पाणी थोडं थोडं घाला, एकदम गरम नको. उन्हाळ्यात पहाटे घुसळा आणि माठातलं किंवा फ्रीजमधलं पाणी वापरा. फुटलेलं पटल जातं कुठे? ताकात. फॉस्फोलिपिडं आणि पटलातली प्रथिनं लोण्यापेक्षा ताकात जास्त सापडतात.

होमोजिनाइज केलेल्या पाकिटाच्या दुधात थेंब दाबानं फोडून बहुतेक एक मायक्रोमीटरपेक्षा लहान केलेले असतात. पृष्ठफळ इतकं वाढतं की जुनं पटल पुरत नाही, उघड्या जागेवर केसीन हे दुधातलं प्रथिन येऊन बसतं. असे थेंब वर तरंगत नाहीत, म्हणून मलई धरत नाही. पाकिटावर 'होमोजिनाइज्ड' लिहिलं नसलेलं दूध घेऊन पाहा.

प्रश्न : आमच्या केंद्रात सिकलसेलसाठी सोल्युबिलिटी टेस्ट करतो. त्यात सॅपोनिन कशासाठी असतं? कधी कधी निकाल चुकतो, तो का? आणि सिकलसेल हा हिमोग्लोबिनचा आजार असताना पेशीपटलाचं नाव का घेतात?
*प्रयोगशाळा तंत्रज्ञ, कुरखेडा तालुका, जि. गडचिरोली*

ताई, तुमच्या द्रावणात फॉस्फेट बफर, सोडियम डायथायोनाइट आणि सॅपोनिन असतं. सॅपोनिन पटलातल्या कोलेस्टेरॉलला धरतं, पटलाला भोकं पाडतं आणि हिमोग्लोबिन बाहेर येतं. डायथायोनाइट त्यातला ऑक्सिजन काढून घेतं. ऑक्सिजन गेलेलं सिकल हिमोग्लोबिन दाट फॉस्फेटमध्ये विरघळत नाही, द्रावण गढूळ होतं. साधारण २ मिलि द्रावण, त्यात १० ते २० मायक्रोलिटर रक्त (तुमच्या किटवर असेल तेच प्रमाण धरा), ५ मिनिटं थांबा, मग काळ्या रेघांच्या कागदापुढे सुमारे अडीच सेंटिमीटरवर नळी धरून पाहा. रेघा दिसल्या तर निगेटिव्ह, दिसल्या नाहीत तर पॉझिटिव्ह.

चुका बहुतेक ठरलेल्या असतात. डायथायोनाइट हवेनं मरतं. बाटली उघडी राहिली किंवा द्रावण जुनं झालं की खरा पॉझिटिव्ह निगेटिव्ह दिसतो. हिमोग्लोबिन फार कमी असेल तरी तेच होतं, अशा वेळी रक्त फिरवून खाली बसलेल्या पेशी वापरतात. सहा महिन्यांखालच्या बाळात गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन जास्त असतं, तिथे या चाचणीवर विसंबू नका. नुकतंच रक्त चढवलेल्या माणसाचंही तसंच. उलट्या बाजूची चूकही होते. सॅपोनिन निकामी असेल तर पेशी फुटतच नाहीत आणि न फुटलेल्या पेशींचा गढूळपणा पॉझिटिव्ह वाटतो. रक्तात चरबी फार असेल, भरपेट जेवणानंतर प्लाझ्मा दुधाळ असेल, तरीही असंच. दर बॅचला एक माहीत असलेला निगेटिव्ह आणि एक माहीत असलेला वाहक नमुना सोबत लावला की यातली बरीच गफलत तिथल्या तिथे पकडता येते. आणि एक गोष्ट गावात ठामपणे सांगायची : या चाचणीतून वाहक कोण आणि रुग्ण कोण हे कळत नाही. त्यासाठी हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही तपासणी लागतेच.

आता पटल. दोष हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी, ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन. पण त्रास देणारं बरंचसं काम पटलावर होतं. निरोगी तांबड्या पेशीत फॉस्फटिडिलसेरीन नावाचा मेद जवळपास सगळा आतल्या पदरात असतो. तो आपोआप तिथे राहत नाही. फ्लिपेज नावाचं प्रथिन एटीपी, म्हणजे पेशीची ऊर्जा, खर्चून बाहेर आलेला प्रत्येक रेणू काही मिनिटांत परत आत ढकलतं. याउलट स्क्रॅम्बलेज नावाची प्रथिनं दोन्ही पदरांतला मेद सरमिसळ करतात, पण ती एरवी बंद असतात, कॅल्शियम वाढल्यावर उघडतात. सिकल पेशीत ऑक्सिजन कमी झाला की हिमोग्लोबिनच्या काड्या होतात, त्या पटलाला आतून ढोसतात, पटलाखालच्या स्पेक्ट्रिनच्या जाळ्यापासून ते सुटतं, कॅल्शियम आत शिरतं. मग दोन गोष्टी एकदम होतात : फ्लिपेज मंदावतं आणि स्क्रॅम्बलेज उघडतं. फॉस्फटिडिलसेरीन बाहेर येतो.

हा मेद बाहेर दिसणं ही शरीरासाठी दोन प्रकारची खूण आहे. प्लीहेतल्या भक्षक पेशींना तो 'ही पेशी जुनी झाली, खा' असं सांगतो. म्हणून १२० दिवस टिकणारी पेशी सिकलसेल रुग्णात १० ते २० दिवसांत संपते. दुसरं, रक्त गोठवणारी प्रथिनं याच मेदावर कॅल्शियमच्या मदतीनं बसतात, म्हणून गोठण्याची प्रवृत्ती वाढते आणि पेशी रक्तवाहिनीच्या आतल्या बाजूला चिकटते. एका प्रथिनातल्या एका अमिनो आम्लाचा बदल मेदाच्या जागेपर्यंत असा पोचतो. उन्हात पाणी कमी पिणं, ताप, एकदम थंडी यांनी हे चक्र जोर धरतं, म्हणून पाणी भरपूर प्यायचा सल्ला नुसता म्हणायचा म्हणून दिलेला नसतो.

ओघानं आणखी एक गोष्ट : सूक्ष्मदर्शकाखाली काही रुग्णांच्या पेशी गोल, लहान, गडद दिसतात, त्या सिकल नसतात. वंशागत स्फेरोसायटोसिस असेल तर स्पेक्ट्रिन किंवा अँकायरिन ही प्रथिनं कमी असतात, जाळ्याचा आधार सुटतो, पटलाचा मेद बुडबुड्यांच्या रूपानं गळत जातो आणि उरलेली पेशी गोल होते. मेद जागेवर धरून ठेवणारं प्रथिन गेलं की मेदच जातो.

प्रश्न : सायेब, आधी बीटी कपाशीवर अळी मरत होती. आता गुलाबी बोंडअळी बोंडातच बसून राह्यते अन् काही होत नाही तिले. कृषी सहायक म्हणतात का अळीच्या आतड्यातलं कुलूप बदललं. हे कुलूप म्हंजे काय, अन् अळी काहून मरत नाही?
*शेतकरी, राळेगाव तालुका, जि. यवतमाळ*

भाऊ, कृषी सहायकांनी शब्द चांगला वापरला. बीटीचं प्रथिन (मूळचं एका जिवाणूचं, जनुक घालून कपाशीत आणलेलं) अळीच्या आतड्यात गेल्यावर तिथल्या अल्कधर्मी, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाच्या, रसात विरघळतं, आतड्यातले पाचक रस त्याचा नको तो तुकडा कापून टाकतात आणि उरलेला भाग आतड्याच्या पेशीवर बसायला जागा शोधतो. तिथे कॅडहेरिन नावाचं प्रथिन त्याला धरतं. मग बीटीचे अनेक रेणू जुळून एक घोळका होतो आणि तो पटलात घुसून भोक पाडतो. भोकातून पाणी शिरतं, पेशी फुगून फुटते, अळीचं खाणं बंद होतं.

यात मेदाची जागा कुठे? बीटीला धरणारं आणखी एक प्रथिन, ॲमिनोपेप्टिडेज-एन, मेदाच्या शेपटीनं पटलात अडकवलेलं असतं आणि अशा शेपटीची प्रथिनं कोलेस्टेरॉल जास्त असलेल्या भागात गोळा होतात. घोळका तिथे आला की भोक पाडायला सोपं जातं. या पायऱ्यांचा नेमका क्रम काय, यावर तज्ज्ञांत अजून वाद आहे. ओघानं सांगायचं तर कीटकाला कोलेस्टेरॉल मुळापासून बनवता येत नाही. अळी ते पराटीच्याच, म्हणजे कपाशीच्या झाडाच्याच, मेदातून बनवते.

अळीत कॅडहेरिनचा जनुक बिघडला, की कुलूप अर्धवट बनतं किंवा बनूनही पेशीच्या आतच अडकतं, पटलापर्यंत पोचतच नाही. किल्ली आहे, दारच नाही. बीजी-१, म्हणजे पहिलं बीटी बियाणं, आपल्याकडे २००२ मध्ये आलं, त्यात क्राय-१-एसी हे एकच प्रथिन होतं. २००६ मध्ये बीजी-२ मध्ये क्राय-२-एबी जोडलं. त्याचं कुलूप वेगळं, एबीसीए-२ नावाचं पटलातलं प्रथिन, पण अळीनं तेही बदललं. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीनं आपल्या भागात काय नुकसान केलं ते तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. बीजी-२ च्या पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाणं येत असे. ते बांधाच्या कडेनं लावलं असतं, तर बीटीनं मरू शकणाऱ्या अळ्या तिथे टिकल्या असत्या आणि त्यांच्या पतंगांशी संकर होऊन बिघडलेलं कुलूप दबून राहिलं असतं. बहुतेकांनी ते पाकीट फेकून दिलं. दोष एकट्या शेतकऱ्याचा नाही, ते का लावायचं हे नीट सांगितलंच गेलं नव्हतं.

म्हणून आता फक्त बीटीवर भिस्त ठेवून चालणार नाही. फुलं लागायच्या सुमारास एकरी दोन कामगंध सापळे लावा. सलग तीन रात्री सापळ्यामागे आठच्या वर पतंग आले तर उपाय करायची वेळ आली समजा. एकरातून चौफेर फिरून २० हिरवी बोंडं तोडा, चिरून पाहा, दोनांत जरी अळी सापडली तरी फवारणीचा निर्णय घ्या. नुसतं बोंड बाहेरून पाहून कळत नाही, कारण अळी आत शिरल्यावर छिद्र बुजतं. फरदड, म्हणजे वेचणीनंतर पुढे राखलेलं पीक, ठेवू नका. डिसेंबरअखेर, फार तर जानेवारीत पीक संपवा आणि पराट्या गावाच्या बाजूला रचून ठेवू नका, सुप्तावस्थेतली अळी त्यातच बसलेली असते.

प्रश्न : रोज जवसाची चटणी खाल्ली तर पेशीपटल मऊ होतं असं ऐकलं. खरं का?
*वाचक, पुसद*

जवसाच्या तेलात निम्म्याच्या आसपास अल्फा-लिनोलेनिक आम्ल असतं, ते शरीरात जातं आणि पटलात थोडं दिसतंही. पण 'मऊ होतं' हे अर्धवट. पटल किती मऊ असावं हे पेशी स्वतः राखते, आणि त्यासाठी प्रथिनं नेमलेली आहेत. आपल्या पेशीतलं स्कॅप हे प्रथिन आंतर्द्रव्यजालिकेच्या पटलात कोलेस्टेरॉल सुमारे ५ टक्क्यांखाली गेलं की ते बनवायचा हुकूम सोडतं. बॅसिलस सबटिलिस या जिवाणूत डेस-के नावाचं प्रथिन थंडीत जाड झालेलं पटल ओळखतं आणि मेदाम्लात दुहेरी बंध घालणारं एन्झाइम बनवायला लावतं. डिसेंबरात डब्यातलं तूप गोठतं, पण शेतातल्या मातीतला हा जिवाणू चालू राहतो तो असा. चटणी खा, चवीसाठी खा.

प्रश्न : 'लिपिड राफ्ट' खरंच असतात का? एका पुस्तकात आहेत, दुसऱ्यात शंका आहे. परीक्षेत काय लिहू?
*बी.एस्सी. तृतीय वर्ष, वर्धा*

कल्पना १९९७ मध्ये सिमन्स आणि इकोनेन यांनी ठळकपणे मांडली : कोलेस्टेरॉल आणि स्फिंगोलिपिड जमून घट्ट तराफे होतात आणि काही प्रथिनं त्यावर बसतात. पुरावा मात्र फार काळ एकाच प्रकारचा होता. ४ अंशांवर १ टक्का ट्रायटन एक्स-१०० हे साबणासारखं द्रव्य टाकायचं, जे विरघळत नाही ते सुक्रोजच्या थरात वर तरंगतं, त्याला राफ्ट म्हणायचं. अडचण दोन ठिकाणी आहे. ४ अंशांवर कुठलाही मेद जास्त घट्ट होतो, आणि ट्रायटन स्वतःच विखुरलेल्या रेणूंना एकत्र आणतं. म्हणजे जे मोजलं ते पेशीत आधी होतं की साबणानं घडवलं, हे सांगता येत नाही. मिथाइल-बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिननं कोलेस्टेरॉल काढून परिणाम पाहिला तरी ते पेशीच्या कितीतरी इतर गोष्टी बिघडवतं.

२००६ पासून जी व्याख्या बहुतेक मानतात ती अशी : १० ते २०० नॅनोमीटरचे, सतत बनणारे-मोडणारे, कोलेस्टेरॉल आणि स्फिंगोलिपिडनं समृद्ध भाग, जे प्रथिनांच्या आपसांतल्या संबंधामुळे मोठे आणि स्थिर होऊ शकतात. शेवटचा भाग विसरू नका, गुण तिथेच आहेत. मेद स्वतःहून फक्त वेगळा होण्याच्या काठावर असतो, प्रथिन त्याला ओढून वस्ती करतं. पेशीपासून तोडलेले पटलाचे फुगे थंड केले की त्यांत दोन अवस्था वेगळ्या दिसतात, जिवंत पेशीत मात्र एवढ्या मोठ्या दिसत नाहीत, हेही लिहा.

प्रश्न : शाळेत पेशीपटलाचा प्रयोग करायचा आहे. सूक्ष्मदर्शक नाही. काही सुचवाल?
*इयत्ता नववी, चिखलदरा तालुका, जि. अमरावती*

बीट घे. त्याचा लाल रंग पेशीतल्या रिक्तिकेत असतो, बाहेर यायला त्याला रिक्तिकेचं आणि पेशीचं अशी दोन पटलं ओलांडावी लागतात. साल काढून मधल्या भागातून सारख्या जाडीच्या सहा कांड्या काप, प्रत्येकी दोन सेंटिमीटर. धातूची पोकळ नळी मिळाली तर तिनं काढ, चाकूनं केल्या तर चौकोनी कर, पण सगळ्या सारख्या. वाहत्या पाण्यात धू आणि मग तीन वेळा पाणी बदलून ठेव, पाणी रंगहीन राहीपर्यंत. इथेच बहुतेकांचा प्रयोग बिघडतो : चाकूनं कापलेल्या पेशींमधला रंग आधीच सुटलेला असतो, तो धुतला नाही तर सगळ्याच नळ्या लाल दिसतात.

३०, ४०, ५०, ६० आणि ७० अंशांचं पाणी करून एकेक कांडी एक मिनिट बुडव, मग प्रत्येकीला वेगळ्या नळीत १० मिलि साध्या पाण्यात २० मिनिटं ठेव. तापाचा थर्मामीटर वापरू नकोस, प्रयोगशाळेचा घे. डोंगरावर तुला अडचण नाही, पण खाली अचलपुरात एखादी मैत्रीण मे महिन्यात हा प्रयोग करणार असेल तर तिच्या टाकीतलं पाणीच चाळिशीला आलेलं असेल, तिला ३० साठी माठ लागेल.

३० आणि ४० मध्ये रंग फिका राहील, ५० नंतर तो एकदम वाढेल. शिक्षक म्हणतील मेद वितळला. पण पटलातला मेद ३० अंशांवरही द्रवच असतो. ५० च्या पुढे प्रथिनांची घडी उलगडते, त्यांचा आत लपलेला तेलकट भाग उघडा पडतो, ती एकमेकांना चिकटतात आणि भोवतीचा मेद विस्कटतो. उष्णतेनं मेदही जास्त हलू लागतो, तोही हातभार लावतो. ताडून पाहायला सहावी नळी लाव : साध्या पाण्यात भांडी घासायच्या द्रवाचे चार थेंब, न तापवलेली कांडी. तिथेही रंग येईल, पण साबण मेद विरघळवतो म्हणून. दोन्ही नळ्या शेजारी ठेवून त्यांचे रंग आणि वेळ वहीत लिहून ठेव.